मधलं घर

जनरेटरच्या मागे पुठ्ठ्याच्या खोक्यात
चार पिल्लं सापडली, त्याला आता अकरा आठवडे.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री.
वॉचमन गुल झरीन म्हणाला, मॅडम, आई गाडीखाली गेली,
आणि दुसरीकडे बघत
आपली पाण्याची बाटली पुढे केली.

मी नावं ठेवणार नव्हते.
ठेवलीच शेवटी, दोन्ही अर्थांनी.
भोपळी, काजळी, सुभेदार,
आणि चौथीला काही सुचेना म्हणून
नुसतीच 'ही'.

मग स्थळं बघायला घेतली.
चार मुलींच्या आईसारखी मऊ बोलायची,
आणि विचारायचं ते सगळं विचारायची.
बाल्कनीला जाळी आहे का?
घरमालकानं हो म्हटलंय, ते कागदावर आहे का?
आधीचं मांजर कशानं गेलं?
आणि शेवटी, चहा निम्मा झाल्यावर,
व्हिसा संपला तर हिचं काय?

या प्रश्नाला सगळे खिडकीकडे बघतात.
खिडकीत समोरच्या बिल्डिंगची खिडकी.

एक जोडपं आलं. त्यांना सोफ्याला शोभेलसं हवं होतं.
कळवतो म्हणाले.
त्यांच्या आधी मीच कळवलं.

मार्लीन दातांच्या दवाखान्यातून थेट आली,
बूट काढून फरशीवर बसली, सव्वा तास, न बोलता.
सुभेदार सोफ्याखालून निघाला
आणि तिच्या लेसवर झोपला.
एकच खोली आहे म्हणाली. भाडं भरते वेळेवर.
मी म्हटलं, मी पण.

भोपळी-काजळी जोडीनंच द्यायच्या होत्या.
अल खानच्या म्हाताऱ्या अबू सुलतानकडे अंगण आहे,
जाळी विणायची सुई आहे, आणि मासळीला तोटा नाही.
माझा शेवटचा प्रश्न ऐकून तो म्हणाला,
मला व्हिसा लागत नाही, बाई.
आणि हसला.
मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

माझा एक नियम आहे.
पिल्लू दिलं की तीन दिवस विचारायचं, जेवली का?
चौथ्या दिवशी विचारायचं नाही.
हा नियम मी कणकवलीला कधी सांगितला नाही.
तिथून एकोणीस वर्षं रोज रात्री
तेच विचारणारा फोन येतो,
आणि मी भांडी घासता घासता हो म्हणते,
जेवले नसले तरी.

आई म्हणायची, मांजर पिल्लांना सात घरं दाखवते.
मी बोटं मोजली:
रोला, अबू शगारा, पुन्हा रोला,
कासिमियाचा तो पार्टिशनचा खोका,
नहदा दोनदा, कारण भाडं वाढलं.
हे सातवं.
यांच्या कंपनीचं पत्र आलंय ते फ्रिजवर आहे,
लसीकरणाच्या कार्डाखाली,
एकाच चुंबकानं धरलेलं.

'ही'ला न्यायला शुक्रवारी एक मुलगी आली.
स्कूलबसवर अटेंडंट. नाव हिरुत.
व्हिसा संपला तर?
तिनं खिडकीकडे बघितलं नाही.
म्हणाली, माहीत नाही. नेईन बहुतेक.
नाही जमलं तर तुमच्यासारखी
कोणी शोधीन, आणि सगळं विचारीन.

इतक्या वर्षांत हे उत्तर कुणी दिलं नव्हतं.
मी माझी जुनी ओढणी पिंजऱ्यात घातली,
अंगाच्या वासाची, न धुतलेली.
'ही' आत गेली, गोल फिरली,
आणि माझ्याकडे पाठ करून बसली.
बरं झालं.

लिफ्ट खाली गेली. मी वाळूचा ट्रे धुतला,
उन्हात पालथा घातला.
संध्याकाळी दही आणायला बकालात गेले,
परत आले, किल्ली फिरवली,
दार चार बोटं उघडलं
आणि फटीत पाय आडवा घातला,
कोणी निसटू नये म्हणून.

तशीच उभी राहिले थोडा वेळ,
एक पाय आत,
दही हातात.